विमान उतरेपर्यंतचा केर

सिंगापूर ते ऑकलंड आठ हजार चारशे किलोमीटर. विमानाला दहा तास लागतात. हे माझ्या आईला पाठ आहे. तिची शाळा चौथीत सुटली, पुण्याला ती आयुष्यात पाच-सहा वेळा गेली असेल, आणि विमान तिनं पाहिलंय ते कांदे लावताना मान वर करून. पण कुणी नुसतं विचारायचा अवकाश, ती घडाघडा सांगते. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, तिथं दीड तास बसायचं, मग पुढं दहा तास. ऐकणाऱ्या बाईनं "अगं बया" म्हटलं की आई पदर सारखा करून घेते, जणू ते अंतर तिनंच पायी तोडलंय.

तिला इनामगाव ते दौंड किती, असं विचारा. "हितंच तर हाय की," म्हणते आणि विषय संपतो.

दौंडला मी राहते. ऑकलंडला माझी धाकटी बहीण राहते. आम्ही दोघीच. भाऊ नाही, वडील जाऊन बारा वर्षं झाली, शेत चुलतभावाला वाट्यानं दिलंय आणि आई इनामगावात एकटी असते. मी दौंडच्या एका शाळेत शिकवते, नवरा रेल्वेत आहे. महिन्यातून दोनदा आईकडं जायचं, तिच्या गोळ्या भरायच्या, गॅस बघायचा, वायरमनला गाठायचं, हे सगळं माझ्याकडं. धाकटीकडं काय, तर दोन वर्षांनी एकदा येणं आणि परत जाणं. आणि त्या जाण्याचंच आमच्या घरात एवढं कौतुक, की माझ्या पोटात दुखायचं. दुखायचं म्हणजे दुखायचंच, सभ्य शब्द वापरून काही उपयोग नाही.

त्यातून ते आकडे आईला मीच दिलेले. सहा वर्षांपूर्वी धाकटी पहिल्यांदा निघाली, तेव्हा गाडी फाट्याकडं वळायच्या आत आईनं मला विचारलं, "किती वाजता पोचंल गं ती?" प्रश्न मायेचा होता तसाच कामाचाही होता. आमच्याकडं घरातलं माणूस गावाला निघालं की ते पोचल्याशिवाय घर झाडत नाहीत. तुमच्याकडंही नसतील झाडत. का, ते विचारू नये. आईला तिच्या आईनं सांगितलं, तेवढं कारण तिला पुरतं. पूर्वी माणसं जाऊन जाऊन जायची कुठं? न्हावऱ्याला, शिरूरला, फार तर पुण्याला. दुपार कलली की पोचली असतील असं धरून बायका केरसुणी हातात घ्यायच्या. विमानाचा हिशेब त्या रीतीत कुणी धरलेलाच नव्हता.

मी मोबाईलवर बघून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं सगळं लिहून काढलं. कुठून कुठं, किती किलोमीटर, किती तास. खाली रेघ मारून बेरीज केली. मुंबईपर्यंतची गाडी आणि विमानतळावरचं बसणं धरून, घराच्या उंबऱ्यापासून ऑकलंडच्या जमिनीपर्यंत साडेसव्वीस तास. मला वाटलं, एवढा आकडा ऐकून आई रीत मोडेल. ती म्हणाली, "मंग उद्या च्यारपतोर न्हाई झाडायचं." तो कागद तिनं देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवला. कॅलेंडरं दरवर्षी बदलली, तो कागद अजून तिथंच आहे. ऊन लागून शाई फिकी झाली तेव्हा तिनं माझ्याकडूनच ती परत गिरवून घेतली.

अशा गोष्टी सांगायला बसले तर माझ्याकडं पोतंभर आहेत. दोन वर्षांपूर्वी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दौंडला झालं. आठ दिवस ती माझ्या घरी होती. दिवसातून सहा वेळा तिच्या डोळ्यात थेंब मी घातले, रात्री तिचा हात डोळ्याकडं जातो म्हणून शेजारी मी झोपले. भेटायला आलेल्या चुलतीला आई काय सांगत होती? "धाकटीनं रोज इचारलं बघा. एक दिस चुकली न्हाई. तिकडं मध्यानरात आसती तरीबी." मी आत चहा टाकत होते. साखर घालायचं राहून गेलं, आणि मी ते मुद्दाम राहू दिलं.

धाकटी वाईट नाही. तीच तर अडचण आहे. वाईट असती तर नावं ठेवायला सोपं गेलं असतं. ती येते, माझ्या गळ्यात पडते, मला दरवेळी तीच गुलाबी झाकणाची क्रीमची बाटली देते. आई तिच्यासाठी आठ दिवस आधीपासून कुरडया, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी असं करत बसते. जायच्या आदल्या दिवशी बॅगा कांद्याच्या गोण्या तोलायच्या काट्याला लावून बघायच्या, आणि वजन जास्त भरलं की धाकटी हळूच मला मधल्या खोलीत बोलावते. "ताई, हे तू घेऊन जा. तिकडं विमानतळावर खाण्याचं सगळं उघडून बघतात, काढून घेतात. आईला सांगू नकोस हं." म्हणजे ऑकलंडसाठी केलेली चटणी दौंडला मी खायची, आणि ती ऑकलंडला पोचली असं आईला वाटू द्यायचं. चटणी चांगली असते. माझ्यासाठी केलेल्या चटणीपेक्षा तिच्यात लसूण जास्त असतो.

आता माझं जाणं कसं, तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इनामगाव ते दौंड पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पण गावातून वडापची जीप भरून सुटेपर्यंत अर्धा तास, काष्टीला उतरून एसटीची वाट बघायची ती वेगळी, आणि शनिवारी तिथला बाजार असला तर बोलायलाच नको. घरी पोचायला दोन तास सहज जातात. आईचा फोन मात्र तासाभरातच यायचा. "पोचलीस का?" सुरुवातीला मी खरं सांगायची. "अजून काष्टीलाच आहे." "बरं बरं," म्हणायची. पंधरा मिनिटांनी परत फोन. "पोचलीस का?" मग परत.

माझ्या मनानं घेतलं, की हिला झाडायची घाई झालीय. धाकटीसाठी साडेसव्वीस तास केर घरात सांभाळते आणि माझ्यासाठी तासभर दम निघत नाही. पोच बाई एकदाची आणि मला मोकळं कर, असं ती म्हणतेय, असा मी त्या फोनचा अर्थ लावला. एकदा तो अर्थ लागला तो लागलाच. त्यानंतर मी काष्टीच्या स्टँडवर, रसवंतीच्या घुंगरांपासून थोडं लांब उभं राहून सांगायला लागले, "हो, पोचले गं." "बरं झालं," ती म्हणायची. मग फोन यायचा नाही. मी पिशवी पायाशी ठेवून एसटीची वाट बघत बसायची आणि मनात म्हणायची, घे, झाड आता. असं किती वर्षं केलं, मोजलं नाही.

यंदा जानेवारीत धाकटी मुलांना घेऊन आली होती. शाळू हुरड्यात होता. मुलांनी रोज हुरडा मागितला, अंगणात आगटी पेटवली, मधल्या खोलीत बसून कणसं चोळली. ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी घरभर हुरड्याचं कोंडं होतं, बिस्किटांचा चुरा होता, आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे. दुपारी दोनला गाडी आली. आई गाडीच्या खिडकीला धरून चार पावलं चालली. मी आई एकटी पडेल म्हणून तीन दिवसांची किरकोळ रजा टाकून थांबले होते.

गाडी गेली. आईनं केरसुणी उचलून दाराआड उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात मुंग्यांची रांग लागली होती. मी स्वभावानं नीटनेटकी. पायाखाली कोंडं चुरचुरलं की माझं डोकं फिरतं. "आई, निदान स्वयंपाकघर तरी झाडू दे." "न्हाई." "फडक्यानं पुसून घेते, झाडत नाही." "त्येबी न्हाई." मी वैतागून म्हणाले, "नदीकाठी खणून काढलेल्या घरांसारखं झालंय हे." आमच्या गावात नदीच्या बाजूला जुन्या काळची वस्ती सापडली, मोठी मोठी माणसं येऊन खणत होती, आणि आई लग्न होऊन नवी आली तेव्हा तिथं माती वाहायला रोजानं जायची. ती हसली नाही. म्हणाली, "त्या घरांत चुलीत राख तशीच हुती. मी बघितलीया. कुणी झाडलंच न्हवतं." जरा थांबून म्हणाली, "घरातलं कोन तरी भाईर गेलं आसंल."

मोबाईलवर आता विमान चाललेलं दिसतं. पिवळं, बोटाच्या नखाएवढं. ते दाखवायचं काम माझं. सकाळी सातला दाखवलं, नऊला दाखवलं, अकराला ते ऑस्ट्रेलियावर होतं. "कुठवर आलं?" "ऑस्ट्रेलिया." "ती कुठवर हाय?" "मोठी आहे गं आई, बराच वेळ चालेल." दर अर्ध्या तासानं तेच. मी भाकरी थापल्या, भांडी घासली, मोटर लावून टाकी भरली, तिच्या गुडघ्याला तेल लावलं. पाय जपून टाकत, कारण कोंडं पायाला लागून बाहेर जायला नको.

तीन वाजले असतील. विमान समुद्रावर होतं, अजून दीड तास होता. आई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "इमानात काय दिलं आसंल गं तिला खायला? भूक लागली आसंल माझ्या पोरीला."

मी सकाळपासून जेवले नव्हते. तिनं विचारलं नव्हतं आणि मीही हट्टानं बसले नव्हते. कधी विचारते बघू, म्हणून. तर हे.

"कुठवर आलं?" तिनं परत विचारलं.

"उतरलं," मी म्हणाले.

"उतरलं? आत्ता? टाइमाच्या आधी?"

"वारा पाठीशी होता."

आईनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. मग कंबरेला पदर खोचून तिनं केरसुणी घेतली. मी झाडते म्हटलं तर देईना. आतल्या खोलीपासून सुरुवात करून, पाट उचलून, खाटेखाली वाकून, मधली खोली, मग ओटा. कोंड्यात नातवाचा एक मोजा सापडला, तो झटकून तिनं देव्हाऱ्याखाली ठेवला. सगळा केर सुपात भरून अंगणाच्या कोपऱ्यातल्या उकिरड्यावर टाकून आली. घर एकदम मोठं वाटायला लागलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. केराच्या बाबतीत का होईना, धाकटीचे दीड तास मी कापले, याचं बरं वाटलं. मग मी ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवले.

साडेचारला फोन आला नाही. पावणेपाचला आला नाही.

"उतरली तर फोन का न्हाई?"

"सामान घेत असेल."

"दोन तास?"

मी अंगणात जाऊन मोबाईल बघितला. विमान ऑकलंडच्या जवळ होतं आणि गोल फिरत होतं. एक गोल, दुसरा गोल, तिसरा. नकाशावर कुणी पेन्सिल गिरवत बसावं तसे. मग ते गोल सोडून खालच्या बाजूला निघालं, ऑकलंडपासून लांब. मी धाकटीला फोन लावला, बंद. ऑकलंडला तिच्या नवऱ्याला लावला, लागेना. मला तिचा हेवा वाटतो हे खरं, पण ती सायकल शिकताना मागून धरायला मीच पळायची, हेही खरं. त्या वेळी हे दुसरंच सगळं आठवायला लागलं.

सहाला मी आईसमोर जाऊन बसले आणि सांगितलं. विमान तीनला उतरलंच नव्हतं. मी खोटं बोलले. आता ते भलतीकडं चाललंय आणि का, ते मला कळत नाही.

मला वाटलं ती ओरडेल. ती उठली, भिंतीचं सूप काढलं आणि उकिरड्याकडं चालायला लागली. मी मागोमाग गेले. ती खाली बसून दोन्ही हातांनी केर सुपात भरत होती. हुरड्याचं कोंडं, चुरा, फुग्याचे तुकडे. गवताच्या काड्या आल्या तर त्या वेचून बाजूला टाकत होती, कारण त्या घरातल्या नव्हत्या. सूप भरून तिनं घरात नेलं, मधल्या खोलीत ओतलं आणि परत आली.

मी शिकलेली बाई आहे. वर्गात मुलांना असल्या गोष्टींवर दोन शब्द सुनवते. पण मी घरात जाऊन दुसरं सूप आणलं आणि तिच्याशेजारी बसले. आम्ही दोघींनी मिळून चार खेपा केल्या. वाटेनं जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, "काय हुडकताय वो?" आई म्हणाली, "कानातलं पडलंय."

साडेसातला धाकटीचा फोन आला. ऑकलंडला वादळ होतं, विमान उतरू दिलं नाही, म्हणून ख्राइस्टचर्चला नेलं. मोबाईलची बॅटरी संपली होती, आता कुणाचा तरी फोन मागून बोलतेय. रात्री हॉटेलात ठेवतायत, सकाळी पुढं. "ताई, आई घाबरली नाही ना?" "नाही," मी म्हणाले. आईनं फोन घेतला. "जेवलीस का? पोरं जेवली का?" एवढंच विचारलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "त्या गावापसनं तिचं गाव किती?" मी बघितलं. साडेसातशे किलोमीटर. सव्वा तास. तिनं मान हलवली. म्हणजे केर राहणार होता.

आम्ही त्या केरातच जेवायला बसलो. तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. मग दुसरा घास घेता घेता थांबली.

"आन् तू?"

"मी काय?"

"तू 'पोचले' म्हंतीस मला फोनवर. तवा तू घरी आसतीस का?"

इथं एक खोटं आणखी बोलता आलं असतं. सवयीचं होतं. पण तिच्या नखांत उकिरड्याची माती होती.

"न्हाई," मी म्हणाले. "काष्टीवरनं बोलते."

"कवापसनं?"

"लई वर्सं झाली."

ती ताटाकडं बघत बसली. मग म्हणाली, "म्हंजी तू वाटंवर आसताना मी घर झाडलं."

मी भाकरी मोडत राहिले.

"इतकी वर्सं. परत्येक बारीला."

मग मीही सगळं बोलून टाकलं. मनात कुजत होतं ते. तुला झाडायची घाई असते. तिच्यासाठी दीड दीड दिवस थांबतेस आणि मला तासाभरात पोचवून मोकळी होतेस. तिचे किलोमीटर पाठ, माझं 'हितंच तर हाय'. थेंब मी घालायचे आणि तू तिच्या फोनचं कौतुक करायचं. लसणाचं सुद्धा बोलले. पन्नाशीला आलेली बाई आईसमोर लसणावरून रडली, हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं.

आई ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "झाडायची कसली घाई गं मला? एकल्या मानसाच्या घरात केर तरी किती पडतो?"

मग म्हणाली, "तिच्या इमानाला वर मोकळं रान हाय. तुझी येस्टी उसाच्या ट्रेलरांमागनं जाती. दोन दोन ट्रेलर जोडल्याले. एकाची दोरी तुटली म्हंजी... दम निघायचा न्हाई मला. म्हून फोन करत हुते." मग आवाज बदलून म्हणाली, "लसून तुला सोसत न्हाई. तुझं पित्त खवळतं. ल्हानपनापसनं."

हे खरं होतं. ऑकलंडची चटणी खाल्ली की मला जळजळायचं. त्याचा संबंध मी हेव्याशी लावला होता, लसणाशी नाही.

सकाळी उठले तर धाकटीचा मेसेज आलेला. घरी पोचलो. मी आईला सांगितलं आणि दाराआडची केरसुणी आणून तिच्यापुढं धरली. ती म्हणाली, "तू कवा निगनार?"

"अकराला."

"मंग ऱ्हाऊ दे. तू पोचलीस की एकदमच झाडते."

मुंग्यांवर तिनं हळद टाकली, एवढंच. अकराला मी निघाले, पायरीपर्यंत कोंडं चुरचुरत होतं. आई फाट्यापर्यंत आली. वडाप लगेच मिळालं, काष्टीला एसटी उभीच होती, आणि मी कधी नव्हे ते साडेबाराला दौंडला घरात होते. बारा वाजता आईचा फोन आला होता, तेव्हा खरंच रस्त्यात होते आणि तसंच सांगितलं होतं. साडेबाराला परत आला.

"पोचलीस का?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. चपला काढल्या होत्या, तोंड धुतलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "न्हाई गं. अजून काष्टीलाच आहे. एसटी न्हाई."

का बोलले, ते मला ठाऊक आहे. तो सगळा केर, धाकटीच्या मुलांचा, त्यांच्या हुरड्याचा, आता माझ्यासाठी पडून होता. आई त्यात पाय जपून टाकत माझी वाट बघत होती. असं पहिल्यांदाच होत होतं. मला ते इतक्यात संपवायचं नव्हतं. धाकटीला साडेसव्वीस तास मिळतात, मला तीन-चार तरी मिळू देत, एवढाच हिशेब होता. एकला फोन आला. "काष्टीलाच." दीडला आला. "बाजाराची गर्दी आहे." बाजार शनिवारी असतो आणि त्या दिवशी बुधवार होता, हे तिला माझ्याआधी कळायला हवं होतं. दोनला आला. अडीचला. दर वेळी ती फक्त "बरं" म्हणायची, आणि दर वेळी आवाज जरा बारीक झालेला असायचा. मला लाज वाटत होती आणि मी थांबत नव्हते.

तीनला फोन आला तेव्हा मी डाळ-भाताचा कुकर लावला होता.

"पोचलीस का गं?"

"अजून न्हाई..." मी म्हणायला आणि शिट्टी व्हायला एकच गाठ पडली. लांबलचक, सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जाणारी.



"काष्टीच्या स्टँडवर कुकर कुनी लावला?" आई म्हणाली.

मी गॅस बंद केला.

"कवा पोचलीस?"

"साडेबाराला."

मला वाटलं आता फोन आपटेल. मग ती म्हणाली, "मला आजून थांबवायचं आसंल तर सांग. मी हितंच बसलीया. केर कुठं पळून चाललाय?"

तिचं बोलणं रागाचं नव्हतं. मी कितीही वेळ सांगितला असता, सहा तास, दहा तास, ऑकलंडएवढा, तरी ती त्या कोंड्यात बसून राहिली असती. हे मला इतकं स्वच्छ दिसलं, की मागायला काही उरलंच नाही.

"नको आई," मी म्हणाले. "पोचले."

"घरात हायस नव्हं?"

"घरात आहे."

"जेवलीस?"

"आता जेवते."

"जेव," ती म्हणाली. तिला फोन नीट बंद करता येत नाही, तो तिनं तसाच खाली ठेवला असावा. उठताना गुडघ्यावर हात ठेवून ती जो हुंकार देते तो ऐकू आला. मग दाराआडची केरसुणी काढल्याचा आवाज, आणि मग झाडल्याचा. आतल्या खोलीत लांबून, मग मधल्या खोलीत जवळून, मग परत लांब, ओट्यावर. मी फोन कानाला लावून, ती उंबऱ्यापर्यंत येईतो ऐकत उभी राहिले.